भांडगांवचें संमेलन आणि केडगांवची वाट

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे हडपसर, लोणी, उरुळीकांचन, यवत अशीं गांवें एकामागून एक मागें पडतात आणि सुमारें पन्नास किलोमीटरांवर भांडगांव येतें. येतें असें म्हणावयाचें इतकेंच. वस्तुतः प्रवाशाच्या दृष्टीनें तें येतें आणि जातें. मोटारींचा ओघ येथें थांबत नाहीं. पुढें चौफुल्यास चहा घेऊं, असें म्हणत जो तो पुढें निघतो. आमचें कुलदैवत तुळजापूरचें. लग्नानंतरचें दर्शन, मुलांचीं जावळें, नवस फेडणें, या ना त्या निमित्तानें या रस्त्यानें आम्ही आयुष्यांत शंभर वेळां तरी गेलों असूं. परंतु भांडगांवीं पाय खालीं ठेवण्याचा प्रसंग गेल्या मार्गशीर्षापर्यंत आला नव्हता. तो कसा आला, आणि तेथील दोन दिवसांच्या मुक्कामांत आमच्याच घरांतील एक जुनी गोष्ट आमच्यापुढें कशी उभी राहिली, तें वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही एका हायस्कुलांत गणित शिकवीत असतांना, देशोदेशींच्या शिक्षकांची अदलाबदल करणाऱ्या एका योजनेंतून आमची निवड झाली आणि एक वर्ष अमेरिकेंतील एका लहानशा गांवीं शिकविण्यास आम्ही गेलों. आमच्या जागीं तेथील एक शिक्षक आमच्या शाळेंत आले. अशा योजनांचा जन्म बहुतांशीं दुसऱ्या महायुद्धानंतरचा. युद्ध संपल्यावर परदेशांत पडून राहिलेलें अमेरिकेचें लष्करी सामान विकून जो पैसा येईल, तो विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या देवघेवीस लावावा, अशी कल्पना सेनेटर फुलब्राइट यांनीं काढली आणि १९४६ सालीं तिचा कायदा झाला. भारत व अमेरिका यांच्यामधील तद्विषयक करार २ फेब्रुवारी १९५० रोजीं झाला. पुढें २००८ सालीं भारतहि त्या खर्चाचा भागीदार झाला आणि शिष्यवृत्तीच्या नांवांत नेहरूंचें नांव आलें. जपाननेंहि १९८७ पासून परदेशी तरुणांस आपल्या शाळांतून भाषा शिकविण्यास बोलावण्याचा मोठा उपक्रम चालविला आहे. युद्धाचें सामान विकून खडू-फळ्याची सोय करावी, ही कल्पना ज्यास सुचली त्याच्या शहाणपणाचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटत आलें आहे.

अशा निरनिराळ्या योजनांतून जाऊन आलेले शिक्षक देशभर विखुरलेले आहेत. आमच्या ओळखीच्या मंडळींनीं आपसांत पत्रव्यवहार चालूं ठेवला होता. आतां बहुतेक सर्वांचे केंस पांढरे झाले. तेव्हां हातपाय चालत आहेत तोंवर एकदां सर्वांनीं एकत्र बसावें, असें ठरलें. केरळ, आसाम, पंजाब, बंगाल, तामिळनाडू अशा प्रांतांतून चाळीसएक माणसें येण्यास तयार झालीं. आमच्यापैकीं एका गृहस्थांचें भांडगांवीं ऊसाचें शेत आहे व त्यांत प्रशस्त बैठें घर आहे. शहरांतील खर्चाचीं हॉटेलें सोडून तेथेंच जमावें, ही त्यांची सूचना सर्वांस पसंत पडली. आम्ही उभयतां निघालों, तेव्हां धाकट्या सूनबाईनें थर्मासांत चहा व डब्यांत धपाटे दिले आणि, "बाबा, भाषण आटोपतें घ्या हो," एवढी सूचनाहि दिली.

भांडगांव हें दौंड तालुक्यांतलें गांव. या मुलुखाचें जुनें नांव भीमथडी. भीमथडीचीं तट्टें मराठ्यांच्या इतिहासांत गाजलेलीं; तीं आतां इतिहासांतच राहिलीं. नदी मात्र उत्तरेस आपल्या वळणानें वाहते आहे. तिच्या पलीकडे शिरूर तालुका. मूळची ही जमीन अवर्षणाची. खडकवासल्याच्या कालव्याचें पाणी आलें आणि माळ हिरवे झाले. आज रस्त्याच्या एका अंगास कारखान्यांचीं पत्र्याचीं छपरें व दुसऱ्या अंगास ऊसाचे फड, असें या भागाचें रूप आहे. आम्ही गेलों तेव्हां गुऱ्हाळें चालूं होतीं. संध्याकाळीं वारा पडला म्हणजे उकळत्या काकवीचा वास शेतावरून हळूहळू घरापर्यंत येई, आणि आमचे बंगाली स्नेही दरवेळीं मोठ्यानें श्वास घेऊन आपल्याकडील खजुरी गुळाची आठवण काढीत. दक्षिणेच्या डोंगरांत यवतजवळ भुलेश्वराचें यादवकालीन मंदिर आहे. तेथें स्त्रीरूपांतील गणपतीची मूर्ति आहे, असें सांगतांच तामिळ भगिनींनीं दुसऱ्याच दिवशीं तेथें जाण्याचा बेत केला.

पहिल्या रात्रीं पिठलें-भाकरीचें जेवण होतें. यजमानांनीं सांगितलें कीं, देहूहून पंढरीस निघालेली तुकोबारायांची पालखी यवतेस मुक्काम करते तेव्हां गांवकरी वारकऱ्यांस हेंच जेवण घालतात; दुसरे दिवशीं पालखी भांडगांवावरून वरवंडास जाते. "तुम्हीहि हिंदुस्थानच्या चारी कोपऱ्यांतून आलांत, तेव्हां तुमचीहि वारीच म्हणावयाची," असें ते म्हणाले. आसामच्या गुरुजींनीं ठेचा जिभेस लावून पाहिला, आणि नंतर बराच वेळ ते कोणाशींच बोलले नाहींत.

दुसरे दिवशीं सकाळीं सभा भरली. सभा म्हणजे अंगणांत चिंचेखालीं टाकलेल्या सतरंज्या. ज्यानें त्यानें आपण परदेशांतून काय घेऊन आलों व तेथें काय ठेवून आलों, तें सांगावें, एवढाच कार्यक्रम होता. कोणी प्रयोगशाळेची शिस्त आणली होती, कोणी मुलांस प्रश्न विचारूं देण्याची संवय. पंजाबच्या एका मास्तरांनीं कॅनडांतील मुलांस पाढे म्हणावयास लावले होते; त्यांपैकीं एक मुलगा आतां स्वतः शिक्षक असून अजून सत्तावीसचा पाढा पत्रांत लिहून पाठवितो. एकानें सांगितलें कीं, याच रस्त्यानें पुढें सोलापूर जिल्ह्यांत, माढे तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० सालीं दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनीं त्यांतील अर्धी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ देशोदेशींच्या शिक्षकांस वांटून दिली. हें ऐकून सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. देवघेव ही शिक्षकाच्या स्वभावांतच असते, असें वाटून आम्हांसहि धन्य वाटलें.

आमची पाळी आली तेव्हां आमच्या जागीं आलेल्या अमेरिकन शिक्षकांची हकीकत आम्हीं सांगितली. ते आमच्याच माडीवर राहत व आमच्याच पंक्तीस जेवत. आमच्या मातोश्रींनीं त्यांच्यासाठीं निराळा कप ठेवला होता. तो कोनाड्यांत पालथा घातलेला असे. त्या गृहस्थांच्या हें पहिल्याच आठवड्यांत लक्षांत आलें, पण ते एक अक्षर बोलले नाहींत. चहा झाला कीं कप स्वतः विसळून कोनाड्यांत पालथा घालीत. पुढें पावसाळ्यांत मातोश्रींस ताप आला. आम्ही सातासमुद्रांपलीकडे. त्या रात्रीं त्या गृहस्थांनीं भर पावसांत जाऊन डॉक्टरांस आणलें. दुसऱ्या दिवसापासून तो कप घरांतील इतर कपांत मिसळून गेला आणि कोणता तो कोणास ओळखतां येईना. ही हकीकत आम्हांस घरांतून पत्रानें कळली होती. आम्हीं ती सांगितली तेव्हां सर्व हंसले, परंतु शेजारी बसलेल्या मंडळींनीं, म्हणजे आमच्या कुटुंबानें, हळूच म्हटलें, "तुमची अदलाबदल झाली, आमची नुसती बदली. वर्षभर तुमचीं कामें माझ्या खातीं पडलीं, तें नाहीं सांगितलें!" यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

यानंतर केरळच्या एक वृद्ध शिक्षिका उठल्या. त्या म्हणाल्या, "आपण सर्व जण युद्धानंतरच्या योजनांविषयीं बोलत आहोंत. परंतु हिंदुस्थानांतून परदेशीं जाऊन शिकविणारी, शिकणारी आणि शिकलेलें परत आणणारी बाई त्याच्या साठ वर्षें आधीं होऊन गेली. पंडिता रमाबाई. पुण्याचे मित्र येथें आहेतच. त्यांचें केडगांव येथून किती लांब आहे?"

सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. आम्हांस सांगतां येईना. ज्या रस्त्यानें शंभर वेळां गेलों, त्याच रस्त्याला लागून असलेलें केडगांव येथून दोन कोस कीं दहा कोस, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. चहाचे पेले गोळा करणारा यजमानांचा गडी म्हणाला, "हें काय, चौफुल्यावरून डाव्या हाताला वळायचं. दहा-बारा किलोमीटर बी नाहीं भरायचं." आमची मान खालीं गेली. गांव ठाऊक नसणें ही लहान गोष्ट आहे. पण हें गांव आम्हांस ठाऊक नव्हतें याचें कारण लहान नव्हतें, हें आम्ही मनांत समजलों होतों. आमच्या घरांत केडगांवचें नांव कधीं काढीत नसत.

त्या भगिनींनीं रमाबाईंची जी हकीकत सांगितली, तिचा सारांश असा. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, व तिनें मुलीस. आईबाप दुष्काळांत गेले. मुलगी भावाबरोबर पायीं हिंदुस्थानभर हिंडली आणि १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. विवाह झाला, एक मुलगी झाली, आणि १८८२ सालीं वैधव्य आलें. त्याच सालीं पुण्यास येऊन रमाबाईंनीं आर्य महिला समाज स्थापिला व 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें. पुढल्या वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या व तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतहि होत्या. पुरुष विद्यार्थ्यांसहि त्यांनीं शिकवावें अशी गोष्ट निघाली, तेव्हां हिंदुस्थानांतील इंग्रज बिशपांकडून हरकत आली. ती रमाबाईंस मुळींच मानवली नाहीं. तात्पर्य, त्यांनीं धर्म बदलला, पण कोणाच्या मुठींत राहण्याचें कबूल केलें नाहीं. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभास रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढें जवळजवळ तीन वर्षें अमेरिकेंत राहिल्या. फ्रोबेल नांवाच्या जर्मन शिक्षकानें काढलेली किंडरगार्टनची, म्हणजे बालोद्यानाची, पद्धति त्या तेथें शिकल्या. चेंडू, ठोकळे, काड्या, कागदाच्या घड्या यांच्या खेळांतून लहान मुलांस आकार व संख्या यांची ओळख करून द्यावयाची, हें त्या पद्धतीचें सार. १८८७ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक निघालें, बॉस्टनमध्यें त्यांच्या कार्यासाठीं मंडळ स्थापन झालें, आणि १८८९ सालीं स्वदेशीं परतून ११ मार्च रोजीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन काढलें. त्याच सालीं अमेरिकेच्या लोकस्थितीवरील त्यांचें मराठी प्रवासवृत्तहि प्रसिद्ध झालें. दुसरे वर्षीं सदन पुण्यास आलें.

सभा उठली, जेवणें झालीं, परंतु आमचें चित्त ठिकाणावर नव्हतें. कागदाच्या घड्या, एवढे शब्द कानांत राहिले होते. त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. बाहेर ऊसाच्या फडांत वारा सळसळत होता, लांबून रेल्वेची शिटी ऐकूं येत होती, आणि पासष्ट वर्षांपूर्वींची आमच्या वाड्याची ओटी डोळ्यांपुढें उभी राहिली होती.

आमच्या घरीं आजोबांची एक बहीण होती. तिला आम्ही सर्व मुलें आत्याआजी म्हणत असूं. लाल आलवण, सोवळें केलेलें मस्तक, वांकलेली पाठ; दहाव्या वर्षीं कपाळ पांढरें झालेलें आणि त्यानंतरचीं सत्तर वर्षें स्वयंपाकघर व देवघर यांमध्यें गेलेलीं. तिचें आयुष्य एवढेंच, असें आम्ही समजत होतों. परंतु दुपारीं मागचें आवरलें, घरांतील वडील माणसें कलंडलीं, म्हणजे ती आम्हां मुलांस ओटीवर बोलावी. जुन्या पंचांगाचा कागद घेऊन तो चौकोनी कापी. "घाल अर्ध्यांत. आतां किती झाले? पुन्हां घाल. आतां किती?" दोनांचे चार, चारांचे आठ, आठांचे सोळा. मग घडी उलगडून ती चिंचोके मांडावयास सांगे. एका घरांत एक, दुसऱ्यांत दोन. अपूर्णांक म्हणजे काय, हें आम्ही शाळेंत जाण्याआधीं त्या पंचांगाच्या कागदावर शिकलों. या खेळाला ती 'बाईंची घडी' म्हणे. कोण बाई, असें एकदां आम्हीं विचारलें. आजी म्हणाली, "होत्या एक." आणि तिनें कागद निऱ्या घातल्यासारखा मिटून कनवटीला खोंवला.

पुढें तीस-बत्तीसाव्या वर्षीं अमेरिकेंतील त्या लहान गांवीं आम्ही एकदां बालवर्गांत डोकावलों. पांच वर्षांचीं मुलें जमिनीवर बसून चौकोनी कागदाच्या घड्या घालीत होतीं. त्याच क्रमानें, दोन, चार, आठ, सोळा. आम्ही दारांतच उभे राहिलों. तेथील बाईंनीं सांगितलें कीं, हा फ्रोबेलचा जुना खेळ आहे. आम्हांस नवल वाटलें; आत्याआजीची आठवण झाली; घरीं लिहिलेल्या पत्रांत तसें लिहिलेंहि. परंतु पुण्याच्या एका वाड्यांतील सोवळ्या बाईस जर्मन शिक्षकाचा खेळ कोठून ठाऊक, हा प्रश्न मात्र आम्हांस पडला नाहीं. गणिताच्या शिक्षकास एवढी बेरीज करतां येऊं नये, याची आतां लाज वाटते.

सकाळीं उठतांच कुटुंबास सर्व सांगितलें. त्यांस मुळींच आश्चर्य वाटलें नाहीं. त्या म्हणाल्या, "आत्याआजी सदनांत होत्या, हें सासूबाईंनीं मला सांगितलं होतं. घरांतल्या बायकांना ठाऊक होतं. तुम्हां पुरुषांत कोणी विचारलंच नाहीं." इतकें बोलून त्यांनीं केडगांवीं जाण्यासाठीं जोडे पायांत घातले.

केरळच्या भगिनी, आसामचे गुरुजी आणि आम्ही उभयतां, असे चौघे यजमानांच्या मोटारीनें निघालों. चौफुल्यास रस्ता खरोखरच फुटतो. उजवीकडे सुपें-मोरगांव, डावीकडे केडगांव. मोरगांवच्या बाजूस आम्ही कितीतरी वेळां वळलों होतों. डावीकडे त्या दिवशीं प्रथमच.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतील निराश्रित मुली व विधवा आणल्या. पुण्यास प्लेग होता, म्हणून केडगांवच्या माळावर घेतलेल्या जमिनीवर त्यांस ठेवलें, आणि तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या कांहीं शेंकड्यांवरून दोन हजारांच्या घरांत गेली. देशोदेशींच्या शिक्षिका येथें येऊन राहिल्या. कन्या मनोरमाबाई अमेरिकेंत शिकून येऊन आईच्या हाताखालीं काम करूं लागल्या. अंध मुलींच्या शिक्षणाचीहि येथें सोय झाली. रमाबाईंनीं मूळ भाषांवरून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर येथल्याच छापखान्यांत स्त्रियांनीं छापलें. मनोरमाबाई १९२१ सालीं वारल्या व रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं. संस्था आजहि चालूं आहे. शाळा आहे, वसतिगृह आहे, दवाखाना आहे.

जुन्या झाडांची सांवली, झाडलेले रस्ते, आणि शाळेच्या वेळचा मुलांचा गलबला, असें तेथील दृश्य होतें. एका बाईंनीं आम्हांस लहान मुलांचा वर्ग दाखविला. मुलें कागदाच्या होड्या करीत होतीं. आम्हांस राहवलें नाहीं. आम्ही खालीं बसलों, समोरच्या मुलीपासून एक कागद मागून घेतला, चौकोनी फाडला, आणि आत्याआजीची घडी घातली. दोन, चार, आठ, सोळा. वाटलें, आतां ही मुलगी डोळे विस्फारून पाहील. ती क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, हें आम्हांला येतं." आमच्या कुटुंबास हंसूं आलें, आणि लगेच त्यांनीं पदर डोळ्यांस लावला.

परत येतांना मोटार पुढें धाडून देऊन आम्ही उभयतां केडगांव स्टेशनावर पुण्याच्या गाडीत बसलों. खुटबाव, यवत, उरुळी अशीं स्टेशनें मागें जात होतीं. मनांत एकच प्रश्न होता: आत्याआजी सदनांतून परत कशी आली?

याचें उत्तर घरीं माळ्यावरच्या पेटींत होतें. पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या तेथें बांधून ठेवलेल्या आहेत. शके १८१५ ची, म्हणजे इसवी सन १८९३ ची, वही काढली. श्रावणाच्या पानावर किराणा, तेल, भटजींची दक्षिणा यांच्या मध्यें एक ओळ होती: "चि. मुलीस सदनांतून घरीं आणिली, टांगा भाडें चार आणे." त्याखालीं: "पाटी-पुस्तकें परत केलीं."

त्या सालाचा इतिहास वाचकांस ठाऊक असेल. सदनांतील कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, त्यांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळला, असें प्रसिद्ध झालें. 'केसरी'नें टीकेची झोड उठविली. सदनाच्या सल्लागार मंडळांतून न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांनीं अंग काढून घेतलें, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली घरीं नेल्या. तीनच वर्षांपूर्वीं, १८९० सालीं, पंचहौद मिशनमधील चहामुळें याच शहरांत रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता. तेव्हां पणजोबांसारख्या सामान्य गृहस्थाची छाती किती असणार? ते सुधारणेच्या सभांस जात. विधवा मुलीस पुनः पाटी देण्याइतकें धैर्य त्यांनीं दाखविलें होतें. पालकांस न सांगतां मुलांचा धर्म पालटूं नये, ही त्या काळच्या लोकांची तक्रार आम्हांस खोटी वाटत नाहीं. रमाबाईंची श्रद्धा त्यांच्यापाशीं, आमची आमच्यापाशीं. परंतु घरीं आणलेल्या मुलीच्या हातीं पाटी कोण देणार, हा प्रश्न त्या वादांत कोणींच विचारला नाहीं. धर्म राखला, याचें समाधान पुरुषांस मिळालें; पाटी-पुस्तकें परत केलीं, याची झळ तेरा वर्षांच्या मुलीस लागली.

सदनांतीलच पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांच्याशीं धोंडो केशव कर्वे यांनीं त्याच १८९३ सालीं मार्च महिन्यांत पुनर्विवाह केला. १८९६ सालीं कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ. म्हणजे त्या सालीं त्या एकाच घरांतून दोन वाटा फुटल्या होत्या, चौफुल्यासारख्या. आमच्या घरच्यांनीं हिंगण्याची वाट तरी आत्याआजीस दाखवावयाची होती. तीहि दाखविली नाहीं. तिनें आपली वाट स्वतःच काढली. ती ओटीवर चिंचोके मांडून बसली. जर्मनींत निघालेला, अमेरिकेंत रुजलेला, एका विधवेनें आगबोटींतून आणलेला खेळ दुसऱ्या विधवेनें कनवटीला जपून ठेवला आणि अर्ध्या शतकानंतर आमच्या हातीं दिला. आम्हांस परदेशीं धाडतांना कोणीं हार घातले, कोणीं फोटो काढले. तिला कोणीं शिक्षिका म्हटलें नाहीं.

भांडगांवच्या सभेंत परदेशांतून काय आणलें हें सांगतांना आमची हकीकत चुकली होती, हें संमेलनाच्या सर्व सभासदांस आम्हीं पत्र लिहून कळविलें आहे. केरळच्या भगिनींचें उत्तर आलें; त्यांच्या आजोळींहि अशी एक आजी होती, ती माडाच्या हिरांवर मुलांस गणित शिकवी, आणि तिला तें कोणीं शिकविलें हें आतां विचारावयास कोणी राहिलें नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अजून वडील बायका आहेत, त्यांनीं दुपारीं मागचें आवरल्यावर घटकाभर त्यांच्याजवळ बसावें आणि हें कोणाकडून शिकलांत, असें विचारावें. आमच्या घरीं वहीचें तें पान आतां पेटींत नाहीं. सूनबाईनें तें कांचेंत बसवून ओटीवर लावलें आहे. त्याच्या खालीं बसून आमची सहा वर्षांची नात सध्यां कागदाच्या घड्या घालते. परवां सोळांपर्यंत पोंचली. बत्तिसाव्या घडीला कागद वळत नाहीं म्हणून रुसली आहे.